दोन देश कंटेनर जहाजांच्या जाळ्याशी किती जोडलेले आहेत, हे कसं तपासायचं?

श्रीलंकेची लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या आसपास, बांगलादेशची १७ कोटींच्या घरात. तयार कपड्यांच्या निर्यातीत बांगलादेश जगातल्या पहिल्या तिनांत बसतो. म्हणजे कंटेनर भरायला माल कुणाकडे जास्त, हे उघड आहे. तरी कोलंबो बंदरात वर्षाला ७० लाखांहून जास्त टीईयू (कंटेनर मोजायचं एकक) हाताळले जातात आणि चितगावात त्याच्या निम्म्याच्या आसपास. जागतिक जहाजसेवांशी असलेल्या जोडणीचा निर्देशांक पाहिला, तर श्रीलंका कितीतरी पुढे दिसते.

मग श्रीलंकेचा निर्यातदार बांगलादेशच्या निर्यातदारापेक्षा त्याच पटीत सुखी आहे का? तसं म्हणता येत नाही. देशाच्या नावापुढे लिहिलेला जोडणीचा आकडा त्या देशाच्या धक्क्यांचा असतो. त्या धक्क्यांवरचे कंटेनर कुणाचे, हे तो आकडा सांगत नाही. ही गोष्ट मनात ठेवूनच पुढची सगळी मोजणी करायची आहे. उदाहरणासाठी हीच जोडी घेऊ. पद्धत कुठल्याही दोन देशांना चालते.

(टीईयू म्हणजे २० फुटी एका कंटेनरची जागा. ४० फुटी कंटेनर म्हणजे दोन टीईयू.)

आधी प्रश्न पक्का करा

"कुठला देश जास्त जोडलेला?" हा प्रश्न अर्धवट आहे. कारखाना कुठे टाकायचा हे ठरवणाऱ्याला आपल्या चार-पाच बाजारपेठांपर्यंतची जोडणी हवी असते. बंदर-धोरणाचा अभ्यास करणाऱ्याला धक्क्यावर किती आणि केवढी जहाजं येतात, हे हवं असतं. विद्यार्थ्याला बहुधा दोन्ही हवं असतं आणि वेळ एकाचाच असतो. तुमचा प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहा, त्यात "कुणासाठी" आणि "कुठपर्यंत" हे दोन शब्द येतीलच असं बघा. "युरोपला कपडे पाठवणाऱ्या कारखान्यासाठी श्रीलंका बरी की बांगलादेश?" हा प्रश्न तपासता येतो.

आकडा कुठून घ्यायचा आणि कोणता

संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकासाची संस्था, म्हणजे अंकटाड, देशांचा लाइनर जहाजसेवा जोडणी निर्देशांक काढते. लाइनर म्हणजे ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळापत्रकाने फिरणारी जहाजं. भाड्याने घेऊन एका फेरीपुरती वापरलेली जहाजं यात येत नाहीत. आकडे तिमाहीनुसार मिळतात, अंकटाडच्या सांख्यिकी संकेतस्थळावर ते फुकट आहेत आणि सरळ एक्सेलमध्ये उतरवता येतात.

इथे पहिला खड्डा आहे आणि मी त्यात पडलो आहे. या निर्देशांकाच्या एकापेक्षा जास्त मालिका बाजारात फिरतात. जागतिक बँकेच्या आकडेवारीत दिसणाऱ्या जुन्या वार्षिक मालिकेत २००४ सालची कमाल पातळी म्हणजे १०० धरलेली आहे. अंकटाडच्या नंतरच्या मालिकेत २००६ ची कमाल पातळी म्हणजे १००. आणि सध्याच्या सुधारित मालिकेत २०२३ च्या पहिल्या तिमाहीची सगळ्या देशांची सरासरी म्हणजे १००. मी एका तक्त्यात जुने आकडे जुन्या मालिकेतून आणि ताजे नव्या मालिकेतून घेतले होते. त्यामुळे एका मध्यम आकाराच्या देशाने चार वर्षांत डोळे दिपवणारी झेप घेतल्याचं दिसलं. झेप देशाने घेतली नव्हती, पट्टी बदलली होती.

तेव्हा आकडा उतरवून घेताना त्याच्या शेजारच्या रकान्यात मालिकेचं नाव, आधार आणि तिमाही लिहाच. दोन्ही देशांचे आकडे एकाच दिवशी, एकाच फाइलमधून घ्या, कारण जुन्या तिमाहींचे आकडेही मागाहून दुरुस्त होतात.

शंभराचा अर्थही मालिकेनुसार बदलतो. जुन्या मालिकेत ५० म्हणजे आधारवर्षाच्या अव्वल देशाच्या निम्मं. नव्या मालिकेत ५० म्हणजे सरासरी देशाच्या निम्मं, आणि ही फार वेगळी गोष्ट झाली.

आकड्याचं पोट उघडा

या निर्देशांकात सहा घटक आहेत:

– आठवड्याला देशातल्या बंदरांना जहाजांच्या किती नियोजित भेटी होतात
– त्या जहाजांची वर्षभराची एकूण क्षमता किती टीईयू
– नियमित सेवा किती
– सेवा देणाऱ्या जहाज कंपन्या किती
– सर्वांत मोठी जहाजं ज्या सेवेवर आहेत, त्या सेवेतल्या जहाजांचा सरासरी आकार
– किती देशांशी थेट सेवा आहे

"थेट" शब्दाचा अर्थ नीट घ्या. जहाज मधे चार बंदरांना थांबलं तरी चालतं, कंटेनर उतरवून दुसऱ्या जहाजात चढवावा लागला नाही म्हणजे थेट. लांबच्या बसने जाताना गाडी वाटेत दहा गावांना थांबते, पण आपण बसल्या जागेवरून हलत नाही. गाडी बदलावी लागली की खरी कटकट सुरू होते. सामान उतरवा, पुढच्या गाडीची वाट बघा, ती भरलेली असली तर त्याच्या पुढच्या गाडीची. जहाजाच्या धंद्यात या गाडी बदलण्याला ट्रान्सशिपमेंट म्हणतात, लहान बंदरातून मोठ्या बंदरापर्यंत कंटेनर आणणाऱ्या छोट्या जहाजाला फीडर, आणि तिथून समुद्र ओलांडणाऱ्या मोठ्या जहाजाला मदर व्हेसल.

सहाव्या घटकाची भर अंकटाडने २०१९ मध्ये घातली. त्याआधी पाचच घटक होते. माझ्या मते हाच घटक निर्यातदाराच्या सर्वांत जवळचा आहे. पाचवा घटक वरवर बडेजावाचा वाटतो, पण त्यातून बरंच कळतं. मोठं जहाज येण्यासाठी पाण्याची खोली लागते, लांब हाताच्या क्रेन लागतात आणि एका भेटीत उतरवा-चढवायला पुरेसे कंटेनर लागतात. आज सर्वांत मोठी जहाजं २४ हजार टीईयूंच्या वर गेली आहेत. १९५६ मध्ये न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालेल्या ‘आयडियल एक्स’ने ५८ कंटेनर नेले होते, आणि आधुनिक कंटेनर वाहतुकीची सुरुवात तिथून धरतात. आता तेवढे कंटेनर मोठ्या जहाजाच्या एका कोपऱ्यात बसतील.

घटक शेजारी-शेजारी मांडा

एकत्रित आकडा बाजूला ठेवून सहा घटकांचा तक्ता करा. एका देशाला १ धरून दुसऱ्याचं प्रमाण काढा. पद्धत कळावी म्हणून दोन काल्पनिक देश घेऊ, क आणि ख. हे आकडे माझ्या मनातले आहेत, कुठल्याही खऱ्या देशाचे नाहीत.

जहाजभेटी: क ला आठवड्याला ६०, ख ला ४५. प्रमाण ०.७५.
वार्षिक क्षमता: क ची १ कोटी ८७ लाख २० हजार टीईयू, ख ची ३५ लाख १० हजार. प्रमाण ०.१९.
सेवा: ३६ आणि ३०. प्रमाण ०.८३.
कंपन्या: १८ आणि १५. प्रमाण ०.८३.
मोठ्या सेवेवरचा जहाजाचा आकार: १६ हजार आणि ४ हजार टीईयू. प्रमाण ०.२५.
थेट जोडलेले देश: ४५ आणि १५. प्रमाण ०.३३.

सहा प्रमाणांची सरासरी ०.५३ येते. खरा निर्देशांक काढताना प्रत्येक घटक दुसऱ्या देशाने न भागता आधार-तिमाहीच्या जागतिक सरासरीने भागतात, त्यामुळे प्रत्यक्ष उत्तर थोडं इकडेतिकडे होईल. पण गंमत सरासरीत काय लपलं यात आहे. ख देश क च्या निम्म्याहून थोडा बरा, असा समज होतो. प्रत्यक्षात त्याची क्षमता एक-पंचमांशही नाही. सेवा आणि कंपन्या भरपूर असल्यामुळे सरासरी वर उचलली गेली आहे. सहाही घटकांना सारखं वजन दिलं की असं होणारच.

आता एक साधा भागाकार करा. वार्षिक क्षमता भागिले वर्षभरातल्या भेटी. क च्या भेटी ६० गुणिले ५२, म्हणजे ३,१२०, म्हणून एका भेटीमागे ६ हजार टीईयूंचं जहाज. ख च्या भेटी २,३४०, म्हणून एका भेटीमागे दीड हजार टीईयूंचं जहाज. दीड हजार टीईयूंची जहाजं दिवसाला सहा-सात येत असतील, तर समजायचं की हा फीडरवर चालणारा देश आहे. त्याचा बहुतेक माल कुठल्यातरी शेजारच्या बंदरात जहाज बदलतो. निर्देशांकात कुठेही न लिहिलेली ही गोष्ट दोन रकान्यांच्या भागाकारातून बाहेर येते. मला स्वतःला सहा घटकांपेक्षा हा सातवा, घरी काढलेला आकडा जास्त उपयोगी पडला आहे.

क आणि ख काल्पनिक असले तरी स्वभावाने ते कोलंबो आणि चितगावच्या जवळचे आहेत. कोलंबो पूर्व-पश्चिम मुख्य जलमार्गाला लागून आहे. आशियातून सुएझकडे जाणाऱ्या जहाजाला तिथे थांबायला फार वाट वाकडी करावी लागत नाही. खोल पाण्याचे धक्के आहेत, आणि तिथल्या कंटेनरांचा मोठा हिस्सा ट्रान्सशिपमेंटचा, म्हणजे दुसऱ्या देशांचा आहे. चितगाव कर्णफुली नदीवरचं बंदर. नदीची खोली मर्यादित, वळणं अवघड, जहाजांना भरतीची वेळ साधून आत-बाहेर करावं लागतं. मदर व्हेसल तिथे येऊच शकत नाही. म्हणून तिथला कंटेनर फीडरने कोलंबो, सिंगापूर किंवा मलेशियातल्या पोर्ट क्लांगला जातो आणि तिथे मोठ्या जहाजात चढतो. म्हणजे श्रीलंकेच्या आकड्यात बांगलादेशचेही कंटेनर मोजले गेलेले आहेत! ही तुलना करताना दोघांना प्रतिस्पर्धी समजून चालणार नाही, एक दुसऱ्याचा जिना आहे.

बांगलादेश मातारबाडीला जपानच्या मदतीने खोल समुद्रातलं बंदर उभारतो आहे. ते पूर्ण चालू झालं की वरचा पाचवा घटक, म्हणजे जहाजाचा आकार, तिथे सर्वांत आधी हलेल असा माझा अंदाज आहे. 

देशाच्या आत बंदरं पाहा

हा टप्पा लहान देशांत पटकन उरकतो, मोठ्या देशांत तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो. देशाचा निर्देशांक सगळ्या बंदरांना एकत्र धरून काढतात. कोलंबियाचं कार्ताहेना कॅरिबियन समुद्रावर आहे आणि ब्वेनाव्हेंतुरा प्रशांत महासागरावर. सौदी अरेबियाचं जेद्दा तांबड्या समुद्रावर, दम्माम आखातात. एका किनाऱ्यावरच्या कारखान्याला दुसऱ्या किनाऱ्यावरच्या सेवांचा काय उपयोग? मधलं अंतर ट्रकने किंवा रेल्वेने कापायचं तर तो खर्च समुद्रभाड्याला गाठू शकतो.

अंकटाड बंदरनिहाय निर्देशांकही काढते, त्यात ९०० हून जास्त बंदरं आहेत. तुमचा माल ज्या बंदरातून निघणार त्या बंदराचा आकडा देशाच्या आकड्याशेजारी ठेवा. आणि हाँगकाँगचा आकडा चीनपासून वेगळा दिला जातो, हेही विसरू नका, नाहीतर दक्षिण चीनचं चित्र अपुरं राहतं.

याच्या उलटही घडतं. ज्या देशाला समुद्रच नाही, त्याच्या नावाने आकडा शोधून काही हाती लागत नाही. इथिओपियाचा बहुतांश परदेशी व्यापार जिबूतीतून होतो. नेपाळचा माल कोलकाता, हल्दिया आणि विशाखापट्टणमवरून जातो. स्वित्झर्लंडच्या बाझेलहून ऱ्हाईन नदीने कंटेनर रॉटरडॅम आणि अँटवर्पला उतरतात. अशा देशाची तुलना करताना तो वापरत असलेल्या बंदराचा आकडा घ्या आणि वेशीपर्यंतचे दिवस व सीमेवरची कागदपत्रं वेगळी मोजा. युरोपात तर समुद्र असलेल्या देशांचा मालही शेजारच्या देशाच्या बंदरातून जातो, तिथे राष्ट्रीय आकड्याचा अर्थ आणखी पातळ होतो.

आता जोडीने मोजा

तुमचा प्रश्न विशिष्ट बाजारपेठेचा असेल तर द्विपक्षीय जोडणी निर्देशांकाकडे वळा. अंकटाडच तो काढते. दोन देशांच्या जोडीमागे एक आकडा, ० ते १ च्या दरम्यान. त्यात किती वेळा जहाज बदलावं लागतं, दोघांना सामाईक अशा थेट जोडण्या किती, मार्गावर स्पर्धा किती, आणि सर्वांत कमकुवत टप्प्यावरचं जहाज केवढं, अशा गोष्टी धरतात. शेवटची गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. कोलंबोहून रॉटरडॅमला कितीही मोठं जहाज जात असलं, तरी चितगाव ते कोलंबोच्या फीडरवर जागा मिळाली नाही तर कपड्यांचा कंटेनर यार्डातच पडून राहतो. साखळी तिच्या कच्च्या कडीइतकीच.

जगातल्या बहुतेक देशजोड्यांमध्ये थेट सेवा नसते. त्यामुळे "थेट नाही" एवढ्यावरून एखाद्या देशाला नापास करू नका. एकदा जहाज बदलणं हे सर्वसाधारण आहे. दोनदा बदलावं लागत असेल तर मात्र लाल खूण करा.

हा टप्पा हाताने असा करता येतो. देशाच्या निर्यातीतले पहिले दहा ग्राहकदेश आणि प्रत्येकाचा वाटा एका रकान्यात लिहा. शेजारी लिहा: थेट, एक बदल, की दोन बदल. मग थेट जोडलेल्या ग्राहकांच्या वाट्यांची बेरीज करा. समजा एका देशाची १२ देशांशीच थेट सेवा आहे, पण त्याच्या ७० टक्के निर्यातीचे ग्राहक त्या १२ मध्येच आहेत. दुसऱ्याची ४० देशांशी थेट सेवा आहे, पण त्याचे मुख्य ग्राहक बाहेरच राहिले आहेत. पहिला देश निर्देशांकात खाली असेल, त्याच्या व्यापाऱ्याची सोय मात्र जास्त आहे. ही बेरीज करताना निर्यातीतून समुद्रमार्गे न जाणारा आणि कंटेनरमध्ये न जाणारा माल वगळा. तेल, खनिज, धान्य बहुतांशी टँकरमधून किंवा सुट्या मालाच्या जहाजांतून जातं, त्याचा या हिशोबाशी संबंध नाही.

थेट सेवा असल्याची नोंद दिसली की जहाजाचा आकारही बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये चितगाव ते इटलीतलं रावेन्ना अशी थेट सेवा सुरू झाली होती. कोविडनंतर समुद्रभाडी आकाशाला भिडलेली होती, कोलंबो-सिंगापूरला कंटेनर अडकत होते, तेव्हा छोट्या जहाजाने सरळ भूमध्य समुद्र गाठणंही परवडत होतं. तक्त्यात ही नोंद "थेट" म्हणूनच बसते. पण छोट्या जहाजाची टीईयूमागची किंमत मोठ्या जहाजापेक्षा जास्त असते, आणि भाडी खाली आली की असा हिशोब बिघडू शकतो.

काळाच्या रेषेवर ठेवा

एका तिमाहीचा आकडा म्हणजे धावत्या गाडीचा फोटो. किमान १२ तिमाही घ्या, शक्य असेल तर १० वर्षं. दोन्ही देशांच्या रेषा एकाच आलेखावर काढा आणि जिथे रेषा मोडते तिथे काय घडलं ते शोधा.

मोरोक्कोची रेषा शिकण्यासारखी आहे. २००७ मध्ये जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवर तांजेर मेड बंदर सुरू झालं आणि देशाचा निर्देशांक काही वर्षांतच कितीतरी वर गेला. सुरुवातीला तो सगळा ट्रान्सशिपमेंटचा खेळ होता. दुसऱ्यांचे कंटेनर एका जहाजातून दुसऱ्यात. मी वर श्रीलंकेबद्दल जे म्हटलं तेच इथेही म्हणता आलं असतं. पण बंदराला लागून उद्योगक्षेत्रं उभी राहिली, २०१२ मध्ये रेनोचा मोटार कारखाना तांजेरजवळ सुरू झाला, आणि दुसऱ्यांसाठी आलेल्या जहाजांत मोरोक्कोचा मालही चढू लागला. २०२४ मध्ये तांजेर मेडने एक कोटी टीईयूंचा टप्पा ओलांडला. म्हणून ट्रान्सशिपमेंटचा आकडा "फुगवलेला" म्हणून फेकून देऊ नका. तो उसना असतो खरा, पण त्या उसन्या जहाजांवर स्वतःचा माल चढवायची संधी त्या देशाला मिळते. ती घेतली की नाही, हे पाहण्यासाठी बंदरातल्या एकूण टीईयूंपैकी ट्रान्सशिपमेंटचा वाटा वर्षानुवर्षं कसा बदलला ते बघा. अनेक बंदर प्राधिकरणं हा वाटा वार्षिक अहवालात देतात.

रेषा अचानक घसरली तर दोष देशाचाच असेल असं नाही. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोठ्या कंपन्यांनी आशिया-युरोप जहाजं आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून न्यायला सुरुवात केली. तांबड्या समुद्राच्या जुन्या वाटेवरची बंदरं एका फटक्यात आडबाजूला पडली. त्याच काळात पनामा कालव्यात दुष्काळामुळे रोजची जहाजसंख्या कमी करावी लागली होती. अशा तिमाहींवरून दोन देशांचा कायमचा निकाल लावणं चूक. संकटाआधीची, संकटातली आणि नंतरची, अशा तीन सरासरी वेगळ्या काढा.

दुसरी मोड कंपन्यांच्या आघाड्यांमुळे येते. मर्स्क आणि एमएससी यांची ‘टूएम’ आघाडी २०२५ च्या सुरुवातीला संपली. मर्स्कने हापाग-लॉइडबरोबर फेब्रुवारी २०२५ पासून ‘जेमिनी’ सुरू केली आणि मोठ्या जहाजांचे थांबे मुद्दाम कमी करून उरलेल्या बंदरांना शटल जहाजांनी जोडायचं ठरवलं. अशा रचनेत एखाद्या बंदराचा थेट-देशांचा आकडा घटू शकतो आणि तरी माल वेळेवर पोचण्याचं प्रमाण सुधारू शकतं. निर्देशांकाला यातली पहिलीच गोष्ट दिसते.

क्रमांकापेक्षा पातळी पाहा, हेही जाता जाता. क्रमांक दुसऱ्यांच्या चढउताराने हलतो. स्वतः जागच्या जागी उभा असलेला देशही पाच पायऱ्या खाली येऊ शकतो.

निर्देशांकाला न दिसणाऱ्या गोष्टी

हा निर्देशांक नियोजित सेवा मोजतो. जहाज खरंच आलं का, वेळेवर आलं का, धक्क्याबाहेर किती दिवस नांगर टाकून उभं राहिलं, भाडं किती पडलं, यातलं काहीच त्यात नाही. २०२१ मध्ये जगात निम्म्याहून जास्त कंटेनर जहाजं उशिरा पोचत होती. कागदावरची जोडणी तेव्हाही शाबूत होती.

म्हणून दोन जोडकागद लागतात. जागतिक बँक आणि एसअँडपी ग्लोबल यांचा कंटेनर बंदर कामगिरी निर्देशांक जहाजाला बंदरात किती वेळ लागतो यावर आधारलेला आहे. जागतिक बँकेचाच लॉजिस्टिक्स निर्देशांक, २०२३ च्या आवृत्तीत १३९ देशांचा, सीमाशुल्क आणि रस्ते-रेल्वे यांचीही दखल घेतो. या तिघांचे गुण एकमेकांत मिसळून एक नवा "महाआकडा" करायचा मोह होईल. करू नका. तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, शेजारी ठेवले की जास्त बोलतात.

वेळापत्रकाशी ताडून बघा

शेवटी टेबलावरून उठून प्रत्यक्ष वेळापत्रक उघडायचं. मोठ्या जहाज कंपन्यांच्या संकेतस्थळांवर कुठून कुठे आणि कोणती तारीख हे टाकलं की पर्याय दिसतात. दोन्ही देशांच्या मुख्य बंदरांतून एकाच गंतव्याला, पुढच्या चार आठवड्यांसाठी शोधा. तीन-चार कंपन्या पुरेत. प्रत्येक पर्यायात निघण्याची तारीख, पोचण्याची तारीख, जहाज कुठे बदलतं आणि तिथे किती दिवस थांबावं लागतं, हे लिहा.

इथे एक फसगत नेहमी होते. चार कंपन्यांच्या चार सेवा दिसतात, नावं वेगळी असतात, पण जहाजाचं नाव एकच. कंपन्या एकमेकांच्या जहाजांवर जागा वाटून घेतात. दुकानं चार असली तरी गाडी एकच असते. तेव्हा सेवा मोजताना जहाजाच्या नावाने मोजा. भावाच्या स्पर्धेसाठी चार विक्रेते असणं चांगलंच, पण ते एक जहाज चुकलं तर चौघांचेही ग्राहक धक्क्यावर राहतात.

चार आठवड्यांत एखादा आठवडा रिकामा दिसला तर ती ब्लँक सेलिंग असू शकते, म्हणजे कंपनीने ती फेरी मुद्दाम रद्द केली. मागणी घटली की असं सर्रास होतं. तिमाही निर्देशांकात ते क्वचितच उमटतं, वेळापत्रकात मात्र लगेच दिसतं. एखाद्या फॉरवर्डरशी, म्हणजे निर्यातदारासाठी जहाजावर जागा ठरवून माल पाठवणाऱ्या मध्यस्थाशी, बोलता आलं तर "या मार्गावर माल किती वेळा पुढच्या जहाजावर ढकलला जातो?" एवढं विचारा. त्याच्या उत्तराआधीच्या सुस्काऱ्यावरूनही बरंच कळतं.

निष्कर्ष कसा लिहायचा

"श्रीलंका बांगलादेशपेक्षा जास्त जोडलेली आहे," हे वाक्य बरोबर असूनही निकामी आहे. त्याऐवजी असं लिहा: "मोठ्या जहाजांची ये-जा आणि थेट जोडलेले देश या दोन बाबतींत श्रीलंका स्पष्टपणे पुढे आहे. तिच्या बंदरातल्या मालाचा मोठा भाग परदेशी आहे आणि त्यात बांगलादेशचाही आहे. युरोपला जाणाऱ्या बांगलादेशी कंटेनरला साधारणपणे एकदा जहाज बदलावं लागतं आणि त्याचा कच्चा दुवा चितगावहून निघणारा फीडर आहे." हे वाचणाऱ्याला कुठे हात घालायचा ते समजतं. कारखानदार फीडरच्या जागेची आगाऊ सोय बघेल, धोरणकर्ता नदीतल्या खोलीकडे बघेल.

निष्कर्षाखाली मालिका, आधार, तिमाही आणि वेळापत्रक पाहिल्याची तारीख लिहा. वेळापत्रकाच्या पानांची प्रत जपून ठेवा. निर्देशांकाच्या जुन्या तिमाही नंतरही मिळतात, पण कंपन्यांची मागच्या महिन्याची वेळापत्रकं संकेतस्थळावरून बघता बघता नाहीशी होतात. सहा महिन्यांनी कुणी "हे कशावरून?" असं विचारलं तर दाखवायला तेवढंच उरतं.